शेवटच्या रांगेतली खिडकी

सॉल्टपॉन्ड, ७ सप्टेंबर २०२२

रहिनातू,

हे पत्र यामच्या लॉरीतून येतंय, तेव्हा कागदाला मातीचा आणि डिझेलचा वास आला तर तो माझा समजू नकोस. मुमुनी ड्रायव्हर तुमच्या टामालेहून यामचे कंद भरून आमच्या मँकेसिमच्या बाजारात उतरवतो आणि रिकामी लॉरी घेऊन परत जातो. रिकाम्या लॉरीत माझं एक पाकीट टाकायला त्याची हरकत नाही. फोन तू उचलत नाहीस. विद्याशाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तू सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलीस. ईमेल केली की तुझा संगणक परस्पर कळवतो, मॅडम सध्या उपलब्ध नाहीत. इतकी वर्षं उपलब्ध नसलेली माणसं आपल्या देशात एक तर मंत्री झालेली असतात, नाहीतर देवाघरी गेलेली. तू दोन्ही केलेलं नाहीस, असं मुमुनी सांगतो. तिथल्या शिक्षक महाविद्यालयात शिकवतेस आणि पोरं तुला घाबरतात म्हणे. बरं वाटलं.

लिहिण्याचं कारण आमचे डीन. प्रोफेसर एसिल्फी अजून तेच आहेत, फक्त पोट पुढे गेलंय आणि चष्मा मागे. परवा त्यांनी मला बोलावलं. समोर मक्याच्या केंकेचे गोळे आणि तळलेला मासा होता, म्हणजे विषय गंभीर.

"एवुरामा, आपल्याकडे विविधता आहे का?"

"कसली, सर?"

"सगळ्याच प्रकारची. युरोपातली एक संस्था मोठ्या संशोधनाला मदत देणार आहे. पण त्यांना गट विविध हवा. एखादी बाई हवी, उत्तरेकडचं कुणी हवं, दुसऱ्या धर्माचं असेल तर उत्तम."

"म्हणजे तीन माणसं."

"एकातच भागलं तर जागा वाचते," ते म्हणाले, आणि माशाचा काटा काढता काढता त्यांना तुझं नाव आठवलं.

तर दोन कामं माझ्या गळ्यात पडली आहेत. एक, तुझी सही आणायची. दोन, नकाशा काढायचा. मी अजून तेच करते ना, आपण दोघी मिळून सुरू केलेलं: प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, दोघांनी मिळून काही लिहिलं की त्यांच्यामध्ये एक रेघ. आजवर बाजारातल्या बायकांचे नकाशे काढले. आता म्हणे आपल्याच विद्याशाखेचा काढ, म्हणजे आम्ही किती मिळूनमिसळून काम करतो ते युरोपला दिसेल.

काढला. मासेमारीचं जाळं गुंडाळून कोपऱ्यात फेकावं, तसा दिसतो. सगळे किनाऱ्यावरचे, एकमेकांत गुंतलेले. त्या गुंत्यातून एकच लांब धागा वर उत्तरेला जातो. तो माझ्यापासून निघून तुझ्यापाशी पोचतो, आणि तुझ्यापासून पुढे तिकडची कितीतरी माणसं. पण त्या धाग्यावर सहा वर्षांत नवं काही नाही. डीन म्हणाले, "ही रेघ जरा ठळक करता येईल का?"

सहीचं तू बघ. मला वेगळंच हवंय. यामच्या बायका अनोळखी माणसाच्या भरवशावर लॉरीभर माल कसा सोडतात, हा आपला अभ्यास अर्धा तुझ्याकडे आहे आणि अर्धा माझ्याकडे. पाठवणाऱ्या बायका तुझ्या कपाटात, घेणाऱ्या माझ्या. दोन्ही अर्धे एकमेकांवाचून कुचकामी आहेत. तू मधूनच का निघून गेलीस, हे मला अजून कळलेलं नाही. अक्राच्या त्या परिषदेबद्दल मी काही बोलणार नाही. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, पण बोलणार नाही.

एवुरामा


सॉल्टपॉन्ड, १८ सप्टेंबर

रहिनातू,

मुमुनी रिकाम्या हाताने आला. मी त्याला बाजारात गाठलं.

"दिलंस का?"

"दिलं, मॅडम."

"मग?"

"पाणी दिलं मला. थंड होतं."

"पत्राचं काय केलं?"

"मॅडम, मी ड्रायव्हर. पाकीट पोचवतो. उघडून वाचून दाखवायचे वेगळे पडतील."

म्हणजे तू घेतलंस तरी. परत पाठवलं नाहीस एवढ्यावर मी दुसरं लिहिते आहे. माझी लाज कधीच संपली आहे, पण कुतूहल संपायचं नाव घेत नाही.

त्या नकाशाने माझं डोकं खाल्लंय. या माणसांना एकमेकांना बांधतं कोण? विषय तर नाही. आमचे मासेतज्ज्ञ डॉक्टर डाडझी आणि फ्रेंच नाटक शिकवणाऱ्या मॅडम अर्कोर्फुल या दोघांच्या नावावर एकत्र चार निबंध आहेत. मासे आणि फ्रेंच नाटक. मी आधी म्हटलं, शाळा एक असेल. नाही. चर्च? डाडझी मेथडिस्ट, मॅडम कॅथलिक, आणि एकमेकांच्या पाद्र्यांबद्दल दोघं जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. काही भानगड असेल म्हणावं, तर मॅडमचा नवरा डाडझींना स्वतःहून घरी बोलावून फुफू खाऊ घालतो.

मग काल शनिवार. डीनच्या मावशीच्या मयताचा कार्यक्रम अनोमाबोला होता. नेहमीप्रमाणे विद्याशाखेची बस. तू ओळखतेस ती बस: पिवळी, दार दोरीने बांधलेलं, पुढच्या काचेवर देवाचं वचन आणि त्याखाली मालकाचा फोन नंबर. आम्ही सगळे काळ्या-लाल कापडात. जाताना सगळे गप्प, चेहरे लांबट. तिथे मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारी गाणी, पेटीमागून पेटी थंड, बिनदारूचं माल्ट. मावशींच्या फोटोला नमस्कार केला, रांगेत हात मिळवले, जेवलो.

परत येताना काय होतं, हे मी गेली वीस वर्षं त्याच बसमध्ये बसूनही कधी पाहिलं नव्हतं. पोट भरलेलं, दुःख पोचवून झालेलं, आणि घर येईपर्यंत करायला काही नाही. माझ्या मागे डाडझी सांगत होते की मासे कमी झाल्यापासून कोळी होड्यांवर लिहितात ती वचनं बदलताहेत, पूर्वी गमतीची असायची, आता रडकी झालीत. मॅडम म्हणाल्या, "अहो, मग हे नाटकच की." डाडझी म्हणाले, "लिहूया का?" एका बिस्किटाच्या कागदावर पाचवा निबंध सुरू झाला.

मी मागे वळले. "तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठे भेटलात?"

"इथेच," मॅडम म्हणाल्या. "माझी सासू गेली तेव्हा. हे शेजारी बसले होते आणि सबंध वाटभर घोरत होते. उतरताना माफी मागितली, आणि तिथून सुरू झालं."

रहिनातू, आज सकाळपासून मी दिसेल त्याला हेच विचारत सुटले आहे. पाच जणांना विचारलं. चौघं म्हणाले, बसमध्ये. पाचवा म्हणाला मंडपात, कारण त्याला बस लागते.

आम्ही काय शिकलो, कुठे शिकलो, कुणाचा सिद्धांत खरा, याच्याशी त्या नकाशाचा काडीचा संबंध नाही. कोण कुणाच्या मयताला गेलं आणि येताना कुणाच्या शेजारी बसलं, एवढंच आहे ते. हे मी युरोपला कसं कळवू?

एवुरामा


सॉल्टपॉन्ड, २८ सप्टेंबर

रहिनातू,

तुझं उत्तर मिळालं, पण ते वाचता येत नाही.

मुमुनीने कागदात बांधलेला पुडा दिला. मी तो कचेरीत टेबलावर ठेवून तासाला गेले. परत येईपर्यंत आमच्या मजल्यावर पळापळ झाली होती. डीनच्या सेक्रेटरीने शिपायाला छतात मेलेला उंदीर शोधायला चढवलं होतं. पुडा उघडला तर दवादवा. काळे, चिकट, आंबवलेल्या बियांचे गोळे, तुझ्या घरी चुलीवर वाफ यायची तोच वास. मी ते उचलून घरी नेले, तरी सेक्रेटरी अजून माझ्याशी नाक धरूनच बोलते.

चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. मी जाळ्यांची अभ्यासक आहे, म्हणून अंदाज बांधत बसले. एक अंदाज असा की हा टोमणा आहे: घ्या तुमच्या कचेरीत उत्तरेचा वास, तुम्हाला विविधता हवी होती ना. दुसरा असा की हा निरोप आहे, माझ्याकडे आता एवढंच आहे, यापुढे मागू नका. तिसरा अंदाज मी केला नाही. तो चांगला होता, म्हणून भीती वाटली.

पण ते असो. बसचं ऐक.

सगळ्यांच्या जागा आठवता आठवता मला तुझी आठवली. शेवटच्या रांगेतली खिडकी. मागच्या चाकावर बस उसळली की तुझं डोकं टपाला लागायचं, आणि तू दर वेळी म्हणायचीस, "मेलेल्याला नाही लागत, मलाच लागतं." कित्येक शनिवार. तू मुसलमान, तुला माल्टशिवाय तिथे काही चालायचं नाही, तरी काळं-लाल कापड गुंडाळून यायचीस. डीनच्या वडिलांच्या, आपल्या मिस्टर बेंत्सिलच्या बायकोच्या, माझ्या आईच्या मयताला. माझ्या आईच्या मंडपात तू भांडी घासत बसली होतीस, मी पाहिलं होतं. आणि यामच्या बायकांचा अभ्यास आपल्याला सुचला तो त्याच दिवशी, त्याच खिडकीत, येताना. हे मी साफ विसरले होते.

मग माझ्या मनात आलं, सहा वर्षांपूर्वी तुझे वडील गेले तेव्हा बस कुठे गेली होती?

मी उठले आणि मिस्टर बेंत्सिलकडे गेले. ते अजून कल्याण समितीचे चिटणीस आहेत. बस तेच ठरवतात. त्यांच्या खोलीची भिंत तुला माहीत आहे, मयतांच्या पोस्टरांनी भरलेली: मोठा रंगीत फोटो, खाली वय, मुलाबाळांची नावं, मुख्य शोककर्ते, तारीख, ठिकाण.

"मिस्टर बेंत्सिल, रहिनातूचे वडील गेले तेव्हा आपली बस का गेली नाही?"

"पोस्टर आलं नाही, डॉक्टरबाई."

"त्यांना त्याच दिवशी दफन केलं होतं. त्यांच्यात तसंच असतं, तुम्हाला माहीत आहे."

"हो ना. पण दफन वेगळं, कार्यक्रम वेगळा. दफन घरचे उरकतात, मग सावकाश तारीख ठरते, पोस्टर निघतं, बोलावणं येतं. मी म्हटलं, येईल. बोलावल्याशिवाय कसं जायचं कुणाच्या दारात? बरं दिसतं का?" मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "जागासुद्धा राखली होती."

राखली होती, रहिनातू. दोन पोस्टरांच्या मध्ये एक चौकोन रिकामा आहे. आजूबाजूला पिवळी पडलेली पोस्टरं, आणि मध्ये तो चौकोन. मी आजवर समजत होते की भिंतीला ओल आली म्हणून तो सोडला असेल.

तू म्हणूनच गेलीस का?

एवुरामा


सॉल्टपॉन्ड, १२ ऑक्टोबर

रहिनातू,

या वेळी चिठ्ठी आली. तीन ओळींची, पण मी ती इतक्यांदा वाचली की मुमुनी म्हणाला, "मॅडम, छोटी आहे ना? मग एवढा वेळ?"

तू लिहिलंस: "आमच्याकडे कुणी बोलावत नाही, एवुरामा. बातमी कळली की येतात. आम्ही अंगणात चटया अंथरून ठेवल्या होत्या. दिवस संपल्यावर मीच उचलल्या."

आता माझं ऐक. मी सहा वर्षं एक भाषण तयार करून ठेवलंय. अक्राच्या परिषदेत मी आपल्या निबंधावर माझं नाव आधी घातलं आणि तुझं नंतर, याचं समर्थन. मुद्देसूद आहे. आंघोळ करताना, भाजी चिरताना मी ते सुधारत आले आहे. त्यात दाखले आहेत, एक विनोदही आहे. माझी खात्री होती की तू त्यासाठीच रुसून गेलीस. खटला उभा राहिला तेव्हा आरोपच दुसरा निघाला, आणि त्याचं माझ्याकडे एक वाक्यही तयार नाही.

एवढंच सांगते: मी वाट पाहत होते. काळं कापड इस्त्री करून कपाटात टांगलं होतं, बोलावणं आलं की निघायचं. तू चटया अंथरून आमची वाट पाहत होतीस, आणि आम्ही इथे कापडं टांगून तुझी. दोन्हीकडे सगळी तयारी होती. मी माणसांमधल्या रेघांचा अभ्यास करते म्हणून विद्यापीठ मला पगार देतं, हे तू कुणाला सांगू नकोस.

मी डीनना सांगितलं. ते फॉर्मवर तुझा फोटो बसवत होते. जुनाच फोटो, बसच्या पायरीवरचा, आजूबाजूचे आम्ही कापून टाकलेले. माझं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"आपण गेलोच नाही?"

"नाही."

"माझ्या वडिलांना आली होती ती. तांदळाची पिशवी घेऊन."

"हो."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मग त्यांच्यातला डीन जागा झाला. "पण फॉर्मची मुदत महिनाअखेर आहे. तिच्या वतीने तूच सही केलीस तर? मैत्रीण आहेस."

मी नाही म्हटलं. कसं म्हटलं ते सांगत नाही. सेक्रेटरीने नाकावरचा हात काढून कानावर ठेवला.

तरी विचारते, कारण विचारणं माझ्याकडे सोपवलंय: तुझं नाव घालायचं का? नको असेल तर नको.

एवुरामा


सॉल्टपॉन्ड, २ नोव्हेंबर

रहिनातू,

तुझी चिठ्ठी डीनना जशीच्या तशी वाचून दाखवली: "फोटो लावणार असाल तर नाव नको. नाव हवं असेल तर आधी काम सांगा." त्यांनी खूप विचार केला. काम कुणी ठरवलेलंच नव्हतं. गट आधी, काम मग, अशी आमची पद्धत. शेवटी फॉर्म तुझ्याविना गेला. विविधतेच्या रकान्यात मॅडम अर्कोर्फुलची आई टोगोची आहे असं लिहिलंय. नकाशाही गेला, त्यातली ती लांब रेघ तशीच पुसट ठेवून. डीनचा हात दोनदा पेनाकडे गेला होता. मी बघत होते.

मदत मिळणार नाही बहुतेक. म्हणजे आता तुझ्याकडे मागण्यासारखं आमच्याजवळ काही उरलेलं नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहायला जमतंय.

सोमवारी कल्याण समितीची बैठक झाली. मी म्हटलं, टामालेला जाऊन यायला हवं होतं. कुणीतरी म्हणालं, आता सहा वर्षांनी? लोक हसतील. तेव्हा मिस्टर बेंत्सिल उठले. त्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

"का हसतील? डीनच्या काकांना आपण किती महिने शवागारात ठेवलं होतं? मुख्य शोककर्ता कोण, यावरून घरच्यांचं भांडण मिटेना म्हणून? गेलो ना मग सगळे? काका काही बोलले का, उशीर केला म्हणून?"

डीन म्हणाले, "काकांचा स्वभाव शांत होता."

"माझ्या आत्याचं वर्षभराने केलं. आमच्या आजोबांचं तर पाऊस, निवडणूक आणि पुन्हा पाऊस असं करत केलं. उशिरा जाणं आपल्याला येतं, प्रोफ. आपल्याला दुसरं येतं काय?"

ठराव एकमताने झाला. बस शुक्रवारी पहाटे सुटेल.

तुला हे कळवते आहे, विचारत नाही. विचारायचं नसतं, एवढं आता शिकले. चटया अंथर किंवा नको अंथरू. आम्ही जमिनीवर बसू.

एवुरामा


बसमध्ये, किंटाम्पोच्या अलीकडे, ६ नोव्हेंबर, दुपार

रहिनातू,

अक्षर वाकडं आहे, कारण मी मागच्या चाकावर बसले आहे. तू आत्ता झोपली आहेस, तोंड किंचित उघडं. डाडझींइतकी घोरत नाहीस. हे पत्र पोचवायला या वेळी मुमुनी लागणार नाही, तरी लिहिते. एकदा लागलेली सवय आहे.

तुला दिसलं नाही ते आधी सांगते.

तुझ्याकडे येताना टेचिमानपाशी जेवायला थांबलो तेव्हा मी सगळ्यांना बजावलं, काळं-लाल कापड नाही, गाणी नाहीत, मंडप नाही. पंचाईत झाली. डीन म्हणाले, "मग आपण करायचं काय तिथे?" मी म्हटलं, बसायचं. "आणि?" आणि काही नाही. ते इतके घाबरले की त्यांनी भाषणाचा कागद काढून मला दाखवला, फाडू का विचारलं. मी म्हटलं, फाडा. तुझ्या भावासमोर ते नुसतेच हात धरून बसले होते ना, ते त्यामुळे. त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल.

मिस्टर बेंत्सिल मात्र ऐकेनात. पोस्टर नसेल तर मी उतरणार नाही, म्हणाले. त्यांनी स्वतःच एक छापून आणलं होतं. तुझ्या वडिलांचा फोटो त्यांच्याकडे नव्हता, म्हणून फोटोच्या जागी तशीच मोकळी चौकट. खाली नाव, अल्हाजी इद्रिसू. वय माहीत नाही, म्हणून गाळलेलं. मुख्य शोककर्त्यांत तुझं नाव, आणि त्याखाली आम्हा सगळ्यांची, बस ड्रायव्हरसकट. तारखेच्या जागी लिहिलं होतं, "आम्हाला उशीर झाला." मी ते आसनाखाली कोंबायला लावलं. तुझ्या आईने ते कसं पाहिलं, कुणी दाखवलं, मला अजून कळलेलं नाही. तू आत जेवणासाठी टी.झेड.चं मक्याचं पीठ घोटत होतीस. तिने ते मांडीवर सपाट केलं, रिकाम्या चौकटीवरून हात फिरवला आणि बेंत्सिलना काहीतरी विचारलं. तुझ्या भावाने सांगितलं, ती विचारते आहे, हे मी ठेवून घेऊ का? बेंत्सिल बाहेर जाऊन बसच्या चाकाला लाथ मारून आले. हवा बघत होतो, म्हणाले.

आणि तू आतून चटया आणल्यास, एकेक करून. कुणाला मदत करू दिली नाहीस.

आज सकाळी निघताना डीननी शेवटची रांग यामने भरली होती, तुझ्या भावाने दिलेल्या. तू दोरीने बांधलेलं खोकं डोक्यावर घेऊन आलीस. मी ते ओळखलं, त्यावर माझंच अक्षर आहे. पाठवणाऱ्या बायका. तू म्हणालीस, "हे तिकडे उतरवायला दोघी लागतील," आणि चढलीस. शेवटच्या रांगेपाशी उभी राहिलीस. डीन उठले आणि याम स्वतः उचलून पुढे आपल्या पायाशी रचले. बस सुरू झाली. मॅडम अर्कोर्फुल हळूच डाडझींना म्हणाल्या, "आता सुरू करतील बघा." डाडझी म्हणाले, "आधी डोकं आपटू दे."

आपटलं. तू ते मेलेल्याचं वाक्य म्हणालीस. सबंध बस हसली.

मग मी भाषण काढलं. म्हटलं, एकदाचं बोलून टाकावं, अक्राची परिषद, नावांचा क्रम, दाखले, विनोद. तू ऐकत राहिलीस आणि मग म्हणालीस, "कुठली परिषद?"



मदत मिळाली काय, न मिळाली काय, त्या नकाशातली रेघ मी अजून ठळक केलेली नाही. आधी खोकं उघडू. तुझ्या बायका माझ्या बायकांना ओळखतात का, ते बघू. एक मात्र मला राहवेना, म्हणून तुला डुलकी लागायच्या आत विचारून घेतलं. तो दवादवा, रहिनातू. त्याचा अर्थ काय होता? मी सगळे अंदाज सांगितले, टोमण्याचा, निरोपाचा.

तुझे डोळे मिटत आले होते. म्हणालीस, "शेंगदाण्याच्या सारात तुला त्याशिवाय चालत नाही. सहा वर्षांत संपला असेल, असं वाटलं."

एवुरामा